देवगडचा किल्ला, बावड्या आणि चुलीवरचे जेवण : नागपूरहून एका दिवसाची सहल

ज्या गोंड राजाने 1702 साली ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांचे मिळून एक शहर वसवले, त्या बख्त बुलंद शहाची गादी नागपुरात नव्हती. ती सातपुड्यात, देवगडच्या किल्ल्यावर होती. हा किल्ला आज मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेड तालुक्यात येतो, आणि नागपूरहून पहाटे निघाले तर दिवेलागणीपर्यंत तो पाहून घरी परतता येते. तरीही आपल्याकडे सहलीचा विषय निघाला की रामटेक, पेंच, चिखलदरा, पचमढी ही नावे पटापट पुढे येतात आणि देवगडचे नाव घेणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे. त्यात किल्ल्याइतकेच पायथ्याच्या गावाविषयी सापडेल, कारण गाडी थेट पायथ्याला लावून गड चढायचा, छायाचित्रे काढायची आणि उतरून परत फिरायचे, अशा रीतीने जो देवगड पाहतो त्याचे अर्धे देवगड पाहायचे राहून जाते, आणि माझ्या मते तो राहिलेला अर्धा भागच अधिक मोलाचा आहे.

रस्त्याविषयी थोडक्यात. नागपूरहून सावनेर आणि तिथून छिंदवाड्याकडे जाणारा 547 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा. राज्याची सीमा ओलांडल्यावर सौंसर लागते. 2023 पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले असले, तरी तिथली बोली, संत्र्याचे बगीचे आणि चहाच्या टपरीवरच्या गप्पा काटोल-नरखेडकडच्याच वाटतात. हनुमंताची निद्रिस्त मूर्ती असलेले जाम सावळी सौंसरच्या जवळच आहे, त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर त्या दर्शनाची वेळ आधीच हिशेबात धरावी. पुढे रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट आणि उमरानाला. नागपूर-छिंदवाडा ही छोट्या रुळांची गाडी 2015 साली बंद होण्यापूर्वी ज्यांनी तिने प्रवास केला आहे, त्यांना ही सगळी नावे स्टेशनांच्या क्रमाने पाठ असतील. उमरानाल्यानंतर महामार्ग सोडून आतल्या रस्त्यांनी देवगड गाठावे लागते. या टप्प्यात फाटे बरेच आहेत आणि मोबाइलच्या नकाशावर पूर्ण विसंबून राहण्यापेक्षा शेतात काम करणाऱ्या माणसाला विचारणे अधिक भरवशाचे ठरते. छिंदवाडा शहरातून येणाऱ्यांसाठी अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे. थांबे धरून नागपूरहून तीन-साडेतीन तास धरावेत.

गावात शिरल्यावर समोर डोंगरावर तटबंदी दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळू पाहतात. तो मोह आवरावा आणि आधी गाव पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आज देवगड हे मोजक्या वस्तीचे, कौलारू घरांचे आणि मक्याच्या शेतांचे लहान गाव आहे, पण एका राज्याच्या राजधानीचा पसारा किती होता हे त्याच्या शेताशेतांतून विखुरलेल्या बावड्या सांगतात. ‘आठ सौ कुएँ, नौ सौ बावड़ी’ अशी म्हण या भागात सर्रास ऐकायला मिळते. संख्या शब्दशः घेण्याचे कारण नाही, परंतु शेताच्या बांधावरून चालताना झाडोऱ्याआडून एकामागून एक दगडी बांधकाम डोकावू लागते तेव्हा ही म्हण कशी रुजली असेल ते कळते. यांतील कित्येक बावड्या वर्षानुवर्षे गाळाने भरलेल्या आणि झाडांच्या मुळांनी पोखरलेल्या होत्या. अलीकडच्या काळात रोजगार हमीच्या कामातून गावकऱ्यांच्या हातांनीच त्यांपैकी अनेकींचा गाळ उपसला गेला, ढासळलेल्या भिंती सावरल्या गेल्या आणि त्यांत पुन्हा पाणी दिसू लागले. पुरातन वास्तूची दुरुस्ती आणि गावाला पाणी ही दोन्ही कामे एकाच श्रमातून साधली जावीत, याहून चांगली गोष्ट मला तरी सुचत नाही.

एका बावडीपाशी आम्ही बराच वेळ बसलो होतो. तिच्या पायऱ्या अरुंद असून प्रत्येक पायरीचा मधला भाग पायांनी झिजून किंचित खोलगट झाला आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींत दिवा ठेवण्याजोगे कोनाडे आहेत, आणि दगडांवरच्या काळपट-हिरव्या पट्ट्यांवरून पाणी कोणत्या मोसमात कुठवर चढते हे वाचता येते. वरच्या काठावरच्या एका लांबट दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत. बोट घालून पाहिले तर पहिले पेर त्यात बुडते. एवढी खोल खाच पडायला किती पिढ्यांनी किती घागरी ओढल्या असतील याचा अंदाज बांधणे अवघड आहे, परंतु किल्ल्यावरच्या कोणत्याही दालनापेक्षा त्या खाचेने मला इथल्या माणसांच्या अधिक जवळ नेले. साध्या विहिरीपेक्षा पायऱ्यांची बावडी का बांधत असत, हेही इथे नीट समजते. या डोंगराळ मुलखात पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी काठाला टेकते आणि वैशाखात ती खूप खाली जाते. पाणी जसे उतरेल तसा माणूस पायऱ्यांनी त्याच्यामागे उतरतो, दोर तोकडा पडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि बसायला-टेकायला सावलीही मिळते. सोयीचा असा विचार त्या काळी शेताच्या बांधावरच्या बावडीसाठीही झाला होता, हे पाहून मन भरून येते.

बावड्या पाहताना एक काळजी अवश्य घ्यावी. सगळ्यांना कठडे नाहीत, काहींच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत आणि काही बावड्या खाजगी शेतांत आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये आणि शेतातून जाण्यापूर्वी मालकाला विचारावे. आम्ही विचारले तेव्हा कुणीही नकार दिला नाही. उलट एका आजींनी स्वतः पुढे होऊन वाट दाखवली.

आता किल्ल्याविषयी. गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते. तिथून चढ फार अवघड नाही. रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात माणूस वर पोहोचतो, परंतु गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी बरोबर ठेवावी आणि ऊन चढण्यापूर्वी वर जावे. किल्ल्याच्या भोवती खोल दरी आणि दाट राखीव जंगल आहे. वरून एकदा चौफेर नजर फिरवली की या जागेची निवड का झाली ते कुणी समजावून सांगावे लागत नाही: येणारा माणूस दुरून दिसतो, आणि ज्या वाटेने तो येऊ शकतो त्या वाटा थोड्या आहेत.

हा किल्ला जाटबा या गोंड राजाने बांधला असे मानले जाते. जाटबा अकबराचा समकालीन होता आणि अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्याच्या दोन हजार घोडेस्वारांचा, पन्नास हजार पायदळाचा आणि शंभरावर हत्तींचा उल्लेख आहे. दरबारी लेखकांचे आकडे थोडे फुगवलेले असतात हे धरूनही, सातपुड्यातील एका गोंड राजाची दखल आग्र्याच्या दरबारात घेतली जात होती, एवढे त्यातून स्पष्ट होते. त्याच्या वंशजांना मोगलांच्या स्वाऱ्या सोसाव्या लागल्या, खंडण्या भराव्या लागल्या, आणि औरंगजेबाच्या काळात याच घराण्यातील बख्त बुलंदाने इस्लाम स्वीकारून दिल्लीच्या पाठबळाने गादी मिळवली. पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध त्याने बंडही केले. हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून गड चढला तर वरच्या इमारतींतील मोगली वळणाच्या कमानी आणि त्यांच्या शेजारचे खास स्थानिक, राकट दगडकाम ही दोन्ही एकाच जागी का आहेत याचा उलगडा होतो. इतिहास न वाचता गेलेल्या माणसाला मात्र ती केवळ पडकी बांधकामे वाटण्याची शक्यता आहे, आणि तसे वाटले तर दोष त्याचा नाही, कारण जागेवर माहिती देणारे फलक अगदीच अपुरे आहेत.

वरच्या इमारतींमध्ये नक्कारखाना मला सर्वांत आवडला. राजाच्या येण्याजाण्याची वर्दी देणारे नगारे जिथे वाजत त्या या इमारतीचा बराच भाग अजून उभा आहे आणि तिच्या कमानीखाली उभे राहिले की उन्हातही वाऱ्याची झुळूक लागते. भिंतीवरचा चुन्याचा गिलावा जिथे निघाला आहे तिथे आतले काम उघडे पडले आहे. त्यावरून हात फिरवला की चुना अजून किती घट्ट धरून आहे ते जाणवते. शेवाळ आणि पावसाने काळवंडलेल्या भागातही गिलाव्याच्या कडा धारदार राहिल्या आहेत. याच भिंतीवर कुणी तरी टोकदार वस्तूने आपले आणि आपल्या प्रेयसीचे नाव कोरून ठेवले आहे. तीन-चारशे वर्षे ऊन-पाऊस सोसलेल्या गिलाव्याला एका दुपारच्या करमणुकीसाठी ओरखडे पडावेत याचा मला मनापासून संताप आला, आणि हे परीक्षण वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की बरोबरच्या मुलांना गड चढण्यापूर्वीच याविषयी बजावून सांगावे.

कचेरीची इमारत आणि बादल महाल पुढे आहेत. कचेरीत राजाचा दरबार भरत असे. बादल महालाचे आता अवशेषच उरले आहेत. छत नाही, भिंती अर्ध्यामुर्ध्या आहेत, परंतु त्याची जागा अशी निवडली आहे की पावसाळ्यात ढग अक्षरशः दारात येत असतील. खजिना, हत्तीखाना म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जागांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिथे झाडोरा इतका माजलेला होता की आराखडा लक्षात येणे कठीण होते, आणि अशा ठिकाणी सापाविंचवाच्या भीतीने आम्ही आत शिरलो नाही.

मोती टाके मात्र चुकवू नये. गडावरच्या या टाक्याचे पाणी कधी आटत नाही अशी ख्याती आहे. डोंगरी किल्ल्याचा प्राण तटबंदीत कमी आणि पाण्यात जास्त असतो. वेढा पडला की धान्य महिनोन्‌महिने पुरवता येते, पाणी चुकले तर चार दिवसांत दरवाजे उघडावे लागतात. म्हणूनच टाक्याची जागा, त्याकडे उतरत येणारा खडक आणि वरून वाहत येणारे पावसाचे पाणी त्यात कसे उतरत असेल याचा माग काढत थोडा वेळ तिथे घालवावा. सकाळी गावातील बावड्या पाहिलेल्या असतील तर इथे येऊन सगळा धागा जुळतो: वर राजासाठी आणि शिबंदीसाठी टाके, खाली रयतेसाठी आणि शेतीसाठी बावड्या, आणि दोन्हींचा मूळ स्रोत या डोंगरांवर पडणारा पाऊस. ज्या कन्हान नदीचे पाणी आपल्या नागपूरच्या नळांना येते तीही याच छिंदवाडा जिल्ह्याच्या सातपुड्यात उगम पावते, हे त्या टाक्याच्या काठावर आठवले आणि नागपूरचे या मुलखाशी असलेले नाते केवळ राजघराण्यापुरते नाही हे लख्ख जाणवले.

आमच्याबरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून आला होता. अशा स्थानिक वाटाड्यांविषयी लोकांच्या तक्रारी असतात की ते पाठ केलेल्या कहाण्या सांगतात आणि पैसे मात्र शहरी दराने घेतात. आमचा अनुभव अगदी वेगळा होता. त्याने पैशांचा आकडा निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगितला, त्यात शेवटपर्यंत बदल केला नाही, आणि जे त्याला ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही असे सांगितले. आम्ही मराठीत बोललो की तो मराठीत उत्तर देई, गावातल्या माणसांशी त्याचे हिंदी सुरू होई, आणि वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याशी तो गोंडीत बोलला. गडाखाली जाटबाची समाधी म्हणून जी जागा दाखवली जाते तिथे थांबून त्याने जाटबाची जन्मकथा सांगितली: आई रानात काम करत असताना वेलाच्या सावलीत ठेवलेल्या तान्ह्या बाळावर नागाने फणा धरला, पुढे तो मुलगा रनसूर आणि घनसूर या गवळी राजांच्या चाकरीत राहिला, त्याला लाकडी तलवारीने रेडा कापण्याची आज्ञा झाली तेव्हा देवीच्या कृपेने त्या लाकडाला पोलादाची धार आली, आणि त्याच तलवारीने त्याने राजांना मारून राज्य घेतले. सांगण्याच्या ओघात त्याने एकदाही आवाज नाटकी केला नाही. आपल्या घरातील आजोबांविषयी बोलावे तशा जिव्हाळ्याने तो बोलत होता, आणि ‘दादा, ये हमारे राजा की बात है’ असे मधूनच म्हणाला तेव्हा त्यातला अभिमान खरा होता.

देवगडापासून थेट नागपूरपर्यंत भुयार आहे ही दंतकथाही त्याने सांगितली. सातपुड्याच्या पोटातून एवढे लांब भुयार खणले जाणे मला शक्य वाटत नाही आणि त्याचा कोणताही माग गडावर दिसत नाही. परंतु बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच नागपूरला हलवली, शहराला कोट घातला, वेशी बांधल्या आणि आपण आज ज्याला गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव बांधला, हे तर इतिहासात नोंदलेले आहे. राजधानी गेली तेव्हा तिच्याबरोबर दरबारी, कारागीर आणि व्यापारी गेले असणार आणि मागे राहिलेल्यांच्या तोंडी त्या स्थलांतराची आठवण भुयाराच्या रूपाने उरली असावी, असा माझा तर्क आहे. 1739 साली चांद सुलतान वारल्यावर गादीचे तंटे झाले, राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि 1743 पर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली. नागपूरच्या महाल भागातील जुम्मा दरवाजाखालून, म्हणजेच गांधी गेटमधून, रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते? शाळेत आपण रघूजीराजांपासून सुरुवात करतो, आणि त्यांच्याआधीचे शतक जणू कुणाचेच नव्हते असे होऊन बसते. देवगडला गेल्याने ही उणीव निदान आपल्यापुरती तरी भरून निघते, आणि मुलांना घेऊन जाण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

जेवणाची सोय आम्ही त्याच वाटाड्याच्या ओळखीने गावातील एका घरी केली होती. हे आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण गावात पोटभर जेवता येईल असे हॉटेल आम्हाला आढळले नाही, आणि आयत्या वेळी पाच-सहा माणसांचा स्वयंपाक एखाद्या घरावर लादणे योग्यही नाही. शेणाने सारवलेल्या ओसरीवर बसवून त्या घरच्या काकूंनी चुलीवरची मक्याची रोटी, तुरीची डाळ, भाजलेल्या वांग्याचे भरीत, कुटकी या भरडधान्याचा भात आणि पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी वाढली. छिंदवाड्याचा मका नावाजलेला आहे आणि ताज्या पिठाची रोटी त्याला न्याय देते: ती जाडसर होती, कडा किंचित करपलेल्या होत्या आणि तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी धरून शेकल्यामुळे तिला धुराचा मंद वास होता. मक्याची रोटी थंड झाली की कडक होते, म्हणून काकू एकेक गरम रोटी आणून वाढत होत्या आणि आम्ही ‘पुरे’ म्हटले तरी ऐकत नव्हत्या. कुटकीचा भात पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडा कोरडा वाटेल. त्यावर डाळ जरा सढळ हाताने घ्यावी आणि मग चटणीचे बोट लावावे. चार घासांनंतर साध्या तांदळाची आठवण येत नाही. चटणी मात्र सावजी खाणाऱ्यांनाही डोळ्यांतून पाणी काढायला लावील इतकी तिखट आहे, तेव्हा मुलांसाठी दही किंवा गूळ आधी सांगून ठेवावा.

या जेवणाचे जे पैसे त्यांनी घेतले ते नागपुरातील बऱ्या खाणावळीच्या थाळीपेक्षा कमीच होते. आम्ही थोडे अधिक देऊ केले तेव्हा काकूंनी ते सहज घेतले नाहीत, आणि घेतल्यावर निघताना हातात चारोळीची लहान पुडी दिली. अशा घरांत घासाघीस करू नये, एवढे मला ठामपणे सांगावेसे वाटते. चूल पेटवण्यासाठी लाकूडफाटा डोंगरातून आणावा लागतो, पाणी वाहून आणावे लागते, आणि अर्ध्या दिवसाची शेतातली मजुरी बुडवून घरातील बाई आपल्यासाठी राबत असते.

उणिवाही स्पष्टपणे लिहिल्या पाहिजेत. गडावर पिण्याच्या पाण्याची सोय आम्हाला मिळाली नाही, त्यामुळे माणशी किमान दोन लिटर पाणी वर न्यावे. स्वच्छतागृहाची अडचण आहे आणि ती विशेषतः स्त्रियांना आणि वृद्धांना जाचते. सौंसरला किंवा उमरानाल्याला थांबून घेणे शहाणपणाचे. कोणती इमारत कोणती आणि तिचा उपयोग काय, हे सांगणारे सुबक, टिकाऊ फलक वाटाड्या न घेतलेल्या माणसासाठी हवे आहेत, आणि ते हिंदीबरोबर मराठीत आणि गोंडीत असावेत असे मला वाटते, कारण ज्या तीन भाषांच्या लोकांचा हा वारसा आहे त्या तिन्ही भाषा इथे रोज बोलल्या जातात. टाक्याच्या काठाशी चिप्सची पाकिटे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या होत्या. आमच्यातील मुलांनी त्या गोळा करून एका पिशवीत भरून खाली आणल्या, पण हे काम पाहुण्यांच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही. माजलेला झाडोरा वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर जाणकारांच्या देखरेखीखाली काढला गेला तर भिंतीत शिरणारी पिंपळाची आणि वडाची मुळे रोखता येतील. आज उभ्या असलेल्या भिंतींना खरा धोका त्या मुळांचाच आहे. एकदा का मूळ सांध्यात शिरले की प्रत्येक पावसाळ्यात ते जाड होते आणि दगड दगडापासून सुटत जातो. काही भिंतींवर हे इतके पुढे गेले आहे की आता झाड ओढून काढले तर भिंतही त्याच्याबरोबर येईल.

नागपूरहून भाड्याने घेतलेल्या गाडीच्या चालकाने आतल्या रस्त्यावर ‘एवढे लांब ठरले नव्हते’ म्हणून जादा पैशांचा वाद घातला होता. तो प्रसंग टाळायचा असेल तर गाडी ठरवताना ‘छिंदवाडा’ एवढे न सांगता ‘मोहखेड तालुक्यातील देवगड गाव, येणे-जाणे आणि दिवसभराचा थांबा’ असे पूर्ण लिहून घ्यावे.

कधी जावे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम आहे. त्यातही दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडे, जेव्हा बावड्या काठोकाठ असतात, डोंगर हिरवे असतात आणि पायऱ्यांवरचे शेवाळ सुकू लागलेले असते. ऐन पावसाळ्यात दृश्य नयनरम्य असते यात शंका नाही, परंतु निसरडे दगड, कठडे नसलेल्या बावड्या आणि घाटातील धुके यांचा विचार करता लहान मुले बरोबर असणाऱ्यांना मी ते सुचवणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात आणि पहाटे ती वेचायला निघालेली कुटुंबे पाहायला मिळतात. त्यासाठी जायचे असेल तर गड सकाळी दहाच्या आत उतरलेला बरा. मे महिन्यात जाऊ नये.

दोन तासांत सगळे उरकून पचमढीकडे पुढे जाण्याच्या बेताने येणाऱ्यांची इथे निराशा होईल. भक्कम बुरूज, तोफा, प्रकाशझोतांचे खेळ यांची अपेक्षा असेल तर तीही पुरी होणार नाही. इतिहासाची आवड असलेली मंडळी, वास्तुकला शिकणारे विद्यार्थी, पाण्याच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते आणि आपल्या शहराची मुळे मुलांना दाखवू इच्छिणारे पालक यांनी मात्र अवश्य जावे. नागपुरातील सीताबर्डीचा किल्ला सर्वांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. देवगडला जायला तारखेची वाट पाहावी लागत नाही.

दिवसाची आखणी साधारण अशी ठेवावी. पहाटे साडेपाचला नागपूर सोडावे, सौंसरला पोहे-चहा घ्यावा, नऊच्या सुमारास गावात पोहोचून वाटाड्याला गाठावे आणि तास-दीड तास बावड्या पाहाव्यात. मग गड, आणि दोनच्या सुमारास खाली येऊन जेवण. उन्हाळा जवळ आला असेल तर हा क्रम उलटा करून गड आधी चढावा आणि बावड्या जेवणानंतरच्या सावलीत पाहाव्यात. चारपर्यंत गाव सोडले तर सिल्लेवानीचा घाट उजेडात उतरता येतो. वळणे आणि मालमोटारींची वर्दळ पाहता अंधारात तो उतरण्याचे टाळावे, आणि संध्याकाळचा चहा घाट संपल्यावर रामाकोन्याला किंवा सौंसरला घ्यावा.